पोळ्याचं टपाल

यवतमाळ, २६ ऑगस्ट

मारोती,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी सध्या हातचा राखून ठेवते. तू पुढे कसा वागतोस ते बघून देईन.

बाबा गेल्यापासून आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा ख्यालीखुशाली विचारायचं नाटक नको. काल मी इथल्या दवाखान्यात जाऊन आले. आपल्या गावची डाकसेविका प्रियंका तिथे पडली आहे. उकंडाची नात, पंचफुलाची मुलगी. तू तिला ओळखतोस. पोळ्याच्या संध्याकाळी ती तुझ्या पायाशी पडली होती.

तिचा जबडा मोडला आहे. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकलेत आणि आई तिला नळीने वरणाचं पाणी पाजते. समोरचे दात राहिलेले नाहीत. डावा डोळा जांभळा होऊन मिटला आहे, उजव्या हाताची बोटं सायकलच्या खाली धरून चेचलेली आहेत. पोरीचं वय पंचविसाच्या आतलं. दहावीच्या गुणांवर खात्यात लागली, आणि त्या तालुक्यात ऊन असो चिखल असो, सायकलवरून टपाल वाटत फिरली.

आता तुमच्या गावाने पोलिसांना काय सांगितलं ते मला पंचफुलाने सांगितलं. पोळ्याची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी पोस्टाचं काम नसतं. तरी ही पोरगी मुद्दाम सायकल घेऊन पोळ्याच्या तोरणाखालून गेली, त्यामुळे मानाचा बैल बुजाडला आणि ती पडली. एवढ्या गर्दीत कोणाच्याही तोंडून दुसरं वाक्य निघालं नाही म्हणे. शाळेत कविता पाठ करून घेतात तसं.

मी उभं आयुष्य टपाल खात्यात काढलं आणि बाभुळगावला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, हे तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. पोळ्याची सुट्टी कलेक्टर देतात. ती शाळेला आहे, तहसीलला आहे, तुझ्या बँकेलाही असेल. टपालाला नाही. टपाल केंद्र सरकारचं, त्याच्या सुट्ट्या वेगळ्या. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, आणखी काही. पोळा त्यात कधीच नव्हता. तुमचे बैल सजत होते तेव्हा प्रियंका कामावर होती, आणि कामावरच्या सरकारी माणसाला तुम्ही मारलं. सण तुमचा होता. दिवस तिच्या ड्यूटीचा होता.

आणि बैल बुजाडला म्हणता? तिच्या गालावर गोल गोल खड्डे आहेत, हरभऱ्याएवढे, ओळीने. बैलाचा खूर तसा नसतो, मारोती. शेतकरी तू आहेस, मी नाही.

मला माहीत आहे तिला कोणी मारलं. तुलाही माहीत आहे. तू बैलाचा कासरा धरून तिथेच उभा होतास. राळेगावच्या पोलिसांकडे जा आणि पाहिलं ते सांग. एवढंच माझं मागणं आहे.

बेबी


यवतमाळ, १० सप्टेंबर

मारोती,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं. न पोचलेलं पत्र परत येतं. हे रजिस्ट्रीने पाठवायचं होतं, पण रजिस्ट्री या महिन्यापासून स्पीड पोस्टात बुडवली. आमच्या काळचं एक एक खातं असं गाडलं जातं आहे. असो. प्रियंकाच्या बदलीवर आलेला माणूस मोबाईलवर तुझ्या बोटाची सही घेईल. दे त्याला. त्याला दारात उभा ठेवू नकोस आणि तुझ्या लाडक्याला त्याच्यावर सोडू नकोस.

तू परवा फोन केलास. तुझ्या बायकोच्या, सुखीबाईच्या फोनवरून, कारण तुझा नंबर मी उचलणार नाही असं तुला वाटलं. काय बोललास? "बाई, पोरगं एकच आहे माह्य. तुले लेकरू नाही, तुले काय समजते?"

मला लेकरू नाही, हे खरं आहे. म्हणून मला दुसऱ्याच्या लेकराचा जबडा मोडलेला दिसतो. तुला एकच आहे, म्हणून तुला ते दिसत नाही. यात कोणाची कीव करायची ते तूच ठरव.

पुढे म्हणालास, "तुह्या पार्सलानंच सारं झालं. न पाठवती तं काय बिघडलं असतं?"

बरं झालं तूच काढलंस. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं, कारण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. हो, पार्सल माझं होतं. बाबांची घुंगरमाळ. तू त्यांचा म्हातारा बैल, सर्जा, त्यांना न विचारता बाजारात नेऊन विकलास, त्या दिवशी त्यांनी ती खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे घेऊन जाय. याच्या दावणीले आता शोभत नाही." तेव्हापासून ती माझ्या कपाटात होती. तू मला चोर म्हणालास, गावभर म्हणालास. मी ऐकून घेतलं.

यंदा सुखीबाईचा फोन आला. "ताई, नवी जोडी घेतली यायनं. मोठे गुणाचे बैल आहेत. पण पोळ्यात मानाच्या बैलाचा गळा ओका दिसते, लोक बोलतात." मला वाटलं, पुरे झालं. माळ घासली, चिंचेने चकचकीत केली, जाड कापडात शिवली. मिशन शाळेतल्या सिस्टर लोकांनी शिकवलेला बारीक टाका घातला, म्हणजे वाटेत घुंगरू सांडायचं नाही. पोळ्याच्या दिवशी बरोबर पोचेल अशा बेताने टाकली, कारण त्या दिवशी टपाल चालू असतं हे मला माहीत होतं. भावाला सणाची भेट पाठवणं हा गुन्हा असेल तर मला बेड्या घाल. पण हात कोणाचा उठला ते आधी सांग.

प्रियंकाला बोलता येत नाही. ती आईच्या फोनवर डाव्या हाताने टाइप करते आणि मला दाखवते. मी तिच्या पलंगाशी बसले तर तिने सगळ्यात आधी काय लिहिलं माहीत आहे? "मॅडम, तुमचं पार्सल पोचलं. सही नाही झाली."

तिचा मोबाईल कोणीतरी टाचेखाली फोडला, म्हणून सही नाही झाली. आणि पोरगी ते माफी मागितल्यासारखं मला सांगत होती. मी खोलीबाहेर गेले आणि भिंतीवर हात आपटला. नर्स म्हणाली, आजी, इथे नाही.

मग तिने बाकीचं लिहिलं. मी तिचेच शब्द उतरवते, सुधारत नाही.

"सुखीमावशी चार रोजापासून पुसत होती, माळ आली काय, माळ आली काय. त्या दिवशी थैलीत आली. मावशी म्हणे, तोरण तुटायच्या आंधी बैलाच्या गळ्यात पडली पाह्यजे. मी घरी गेलती तं घराले कुलूप. सारे आखरावर, पोळा भरते तिथं. म्हणून आखरावर गेली. बैलं तोरणाच्या तिकून उभे होते. इकून लोकं. बाजूनं जायले जागा नोयती. मी सायकल हातात धरून तोरणाखालून गेली. मले वाटलं, माळ तं बैलाचीच आहे."

मारोती, या ओळी पुन्हा वाच. तोरणाखालून मानाच्या बैलाच्या आधी कोणी जायचं नाही, ही रीत तिलाही ठाऊक आहे. ती त्याच गावात वाढली. पण तिच्या हातात मानाच्या बैलाचाच दागिना होता. तो बैलाआधी पोचायला हवा होता, नाहीतर आणून काय उपयोग? तुमच्या मानासाठी ती तुमच्या तोरणाखालून गेली.

तुझा अमर पुढे आला. "सुट्टीच्या दिवशी कायचं पोस्ट? कोणं पाठवली तुले? तोरण बाटवलं तुनं." मग त्याने तिची जात काढली. ते शब्द तिने लिहिले, मी इथे लिहिणार नाही. माझी लेखणी अजून तेवढी खाली गेलेली नाही. ती म्हणाली, "दादा, तुमच्याच घरची माळ आहे, काकाजीची सही द्या, मी चालली." त्याने पार्सल हिसकलं. कापडाचं तोंड मुठीत धरून गोफणीसारखं फिरवलं आणि तिच्या तोंडावर हाणलं. मग पुन्हा हाणलं. ती खाली पडल्यावरही हाणत राहिला. ते गालावरचे खड्डे बाबांच्या घुंगरांचे आहेत. मी घासून चकचकीत केलेल्या घुंगरांचे.

आणि तू? तिने लिहिलंय तू काय केलंस. "काकाजी आले. मले वाटलं उठवतात. त्यायनं पार्सल उचललं, फाडलं, माळ काढली, बैलाच्या गळ्यात घातली. मंग झडत्या म्हणून झाल्या. तोरण तुटलं. मी पडूनच होती. घुंगरं वाजत गेले बाजूनं."

तू रक्ताची माळ बैलाच्या गळ्यात घातलीस आणि त्याच्या मागोमाग हर हर महादेव करत गेलास. बाबा असते तर त्यांनी तुला त्याच कासऱ्याने फोडून काढला असता.

पोरीची तक्रार मी पोलिसांत लिहून दिली, तेव्हा जमादार मला म्हणाला, "मॅडम, पोरगी म्हणते मारलं, गाव म्हणते पडली. गावातला एक तरी माणूस बोलला पाह्यजे. आन् कायनं मारलं ते भेटलं पाह्यजे." त्यांनी तुझं घर, गोठा पाहिला. माळ नाही. बैलाच्या गळ्यात नवा गोंडा. तू कुठे दडवलीस? कणगीत? विहिरीत टाकली असशील तर काढ. पितळ आहे, ते कुजत नाही.

माळ आणि तुझं तोंड, दोन्ही पोलिसांसमोर आण. नाहीतर अमर सुटतो, आणि पुढच्या पोळ्याला तो कोणाला तरी मारून टाकेल. हे मी रागाने लिहीत नाही. मी त्याला लहानपणी पाहिलं आहे. कुत्र्याच्या पिलाला दगड मारून तो हसायचा आणि तू कौतुकाने म्हणायचास, नेम पाहाय कसा आहे.

बेबी


यवतमाळ, ५ ऑक्टोबर

मारोती,

अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. कपाळावर टाके आहेत आणि डोळ्यापुढे मधूनच अंधारतं.

तुला एव्हाना कळलंच असेल, पण तुझ्या मुलाने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. म्हणून माझ्याकडून ऐक.

दोन ऑक्टोबरला सकाळी मी चहा टाकला होता. गल्लीत दसऱ्याची गडबड, खालच्या वस्तीतले लोक धम्मचक्र दिनासाठी पांढरे कपडे घालून गाडीची वाट पाहत होते. दारावर थाप पडली. बाहेरून आवाज, "मॅडम, पार्सल! पोस्टातून!"

मला हसू आलं, मारोती. खरंच आलं. जो मुलगा पोळ्याला टपालाची सुट्टी समजला, तो दोन ऑक्टोबरला टपाल घेऊन आला! ज्या दिवशी अख्ख्या देशात एक पत्र हलत नाही, त्या दिवशी. ऑगस्टमधल्या पत्रात मी तुम्हाला सुट्ट्यांचा पाढा वाचून दाखवला होता. दोन ऑक्टोबर त्यात लिहिलेला होता. वाचलं असतं तरी निभावलं असतं.

दार न उघडता पोलिसांना फोन करायचा, असं मला नंतर ठाणेदारांनी सांगितलं. मी तसं केलं नाही. ओट्यावर खलबत्ता होता. बत्ता पदराखाली घेतला आणि दार उघडलं.

तोंडाला रुमाल बांधला होता. हातात खोकं, त्याला चिकटपट्टी. मागे त्याचा एक दोस्त, डोक्यावर हेल्मेट. अमर म्हणाला, "आत्या, आत चाल. बोलाचं आहे."

मी म्हटलं, "आधी सही कुठे करू ते दाखव."

तो गोंधळला. त्याने खोकं पुढे केलं.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मी लिहिलं आहे की त्याने आधी हात उचलला. तुला खरं सांगते. मी आधी मारलं. त्याच्या उजव्या मनगटावर, पूर्ण ताकदीने. हाड मोडल्याचा आवाज कपाशीच्या सुक्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा येतो. त्याच हाताने त्याने गोफण फिरवली होती. तो ओरडत खाली बसला आणि मी दुसऱ्यांदा उचलला तो त्याच्या डोक्यावर घालायचा म्हणून. कोणी अडवलं असेल तर त्या हेल्मेटवाल्याने. त्याने हेल्मेट काढून माझ्या कपाळावर मारलं. मी उंबऱ्यावर पडले, त्याने पोटात लाथ घातली. माझ्या तोंडातून रक्त यायला लागलं तरी मी बत्ता सोडला नाही. पडल्या पडल्या त्याच्या घोट्यावर मारला.

अमर रडत म्हणत होता, "म्हातारे, कंप्लेंट वापस घे, नाही तं जाळून टाकीन तुले." खोक्यात काय होतं माहीत आहे? पेट्रोलची बाटली.

मग खालच्या वस्तीतली माणसं धावली. पांढऱ्या कपड्यांतली. त्यांच्या सणाच्या कपड्यांवर माझं रक्त लागलं. त्यांनी त्या दोघांना धरलं, एक बोट जास्त लावलं नाही, पोलिस येईपर्यंत बसवून ठेवलं. मी मात्र म्हणत होते, मारा. हे तुला कळावं म्हणून लिहिते. मी काही देवीचा अवतार नाही. मी तुझीच बहीण आहे, आपल्या घरचा हात माझ्याही अंगात आहे. फरक एवढाच की मी तो कोणावर उचलला ते तुला नाव घेऊन सांगते.

वकिलाने दोघांना जामिनावर सोडवलं. मनगटाला प्लास्टर आहे. गावात त्याची मिरवणूक निघाली म्हणे, हार घालून. पंचफुलाच्या घरावर त्याच रात्री दगड पडले, कौलं फुटली. तीही केस तशीच, कोणी पाहिलं नाही.

प्रियंकाची तार काढली. बोलते आता, हळू, शब्द थोडे घसरतात. खात्याने बदली घ्यायची का म्हणून विचारलं. ती काय म्हणाली ऐक. "मी कायले जाऊ? टपालाची लाइन माही आहे. ज्यायले पोस्ट नको असन त्यायनं गाव सोडावं." पंचफुला तोंडाला पदर लावून बसली होती. मग हसली. तिच्या घरावरची कौलं गेल्यावर ती पहिल्यांदा हसली.

ती पोरगी त्याच गावात, त्याच रस्त्याने सायकलवर फिरणार आहे. अमर बाहेर असताना. तो तिला मारून टाकेल, मारोती. पुढच्या वेळी माळ नसेल, कुऱ्हाड असेल. थांबवणारा एकच माणूस आहे, आणि तो माळ दडवून बसला आहे.

यापुढे मी विनवणार नाही.

बेबी


यवतमाळ, २० ऑक्टोबर

मारोती,

काल रविवार होता. दुपारी दारावर थाप पडली. "मॅडम, पार्सल!"

रविवारी टपाल वाटत नाहीत. मी पुन्हा बत्ता घेतला. या वेळी पदराखाली लपवला पण नाही. दार उघडलं आणि हात वर उचलला, तर समोर खेमसिंग. बाभुळगावला माझ्या हाताखाली पोस्टमन होता, आता इथे बदलून आला आहे. बिचारा मागे सरकून पायरीवरून घसरला.

"मॅडम, मी आहो ना, खेमसिंग! मले काहून मारता?"

"रविवारी कसलं पार्सल रे?"

"दिवाळीचा माल तुंबला आहे. वरून ऑर्डर आहे, रविवारी बी वाटा. तुमच्या टायमाले असं नोयतं, आता हाये." मग बत्त्याकडे बघून म्हणाला, "आधी तो खाली ठेवा. सही घेतो मंग."

मी निवृत्त झाल्यावर खात्याने सुरू केलेली ही एकमेव गोष्ट मला पटली. मी त्याला पाणी दिलं, माफी मागितली आणि त्याच्या मोबाईलवर बोटाने सही केली. नाव नीट उमटलं नाही.

पार्सल जड होतं. हलवलं तर आत वाजलं.

शिक्का बाभुळगावचा. राळेगावात कोणी पाहील म्हणून तू तिथवर गेलास. ज्या खिडकीमागे मी बसायचे त्याच खिडकीत उभा राहिलास. प्रेषक म्हणून तुझं नाव, तुझ्या हातचं, बापाच्या नावासकट. मारोतराव नागोराव. कोणालातरी पैसे देऊन दुसऱ्या नावाने पाठवता आलं असतं. तू तसं केलं नाहीस.

आणि शिवण. कापडावरची शिवण तुझी नाही. गोधडीचा जाड दोरा, एकाआड एक उलटा टाका. सुखीबाईची. मी तिच्या हातच्या गोधडीत झोपले आहे, मला ती कुठेही ओळखू येईल. म्हणजे तिने आपल्या पोटच्या पोराविरुद्ध हे स्वतःच्या हाताने शिवलं. मी बराच वेळ ती शिवण बघत बसले. तुझ्यावर आणखी रागावायचं ठरवलं होतं, पण जमेना.

मी पार्सल उघडलं नाही. तसंच गाडी करून राळेगावच्या पोलिसांकडे नेलं आणि पंचांसमोर त्यांनी ते कापलं. आत माझं जुनं कापड होतं, फाटलेलं, काळं पडलेलं. एका कोपऱ्यात माझा बारीक टाका तेवढा शाबूत. माळेची दोन घुंगरं चेपलेली, दोरीत रक्त वाळलेलं. तू ती धुतली नव्हतीस. जमादाराने ती कागदावर अलगद ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, भाऊ कालच येऊन गेले. जबाब देऊन. मी तुमाले फोन करनार होतो."

म्हणजे तू परवाच जाऊन आलास. मला न सांगता. जबाब मी वाचला नाही, त्याने दोनच ओळी सांगितल्या. "मी पाहिलं. माह्या पोरानं मारलं, अन् म्या माळ उचलली." बस. दुसरी ओळ सांगायची तुझ्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

आज सकाळी अमरला नेलं. सुखीबाई फोनवर नुसती रडत होती. मी फोन धरून ठेवला, तिने ठेवला तेव्हाच ठेवला. गावातल्या लोकांनी तुझ्या दारासमोर बैलांचं जू मोडून टाकलं आणि शेण फेकलं, हे पंचफुलाने सांगितलं. तुझ्या घराला आता पोळ्याचा मान राहणार नाही. नको राहू दे. बैल चांगले असतील तर मानाशिवायही नांगर ओढतील.

प्रियंका दिवाळीनंतर कामावर जाते आहे. मी तिला माळेबद्दल सांगितलं. वाटलं, रडेल. तिने खाली बघून विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, पण ते पोळ्याचं पार्सल? त्याची सही झालीच नाही ना अजून."

मी म्हटलं, अगं, ते कागदावर कधीच निकाली निघालं. नवा मोबाईल आला तुला, जुनं सगळं गेलं.

म्हणाली, "कागदावर निघालं असन. माह्या लेखी नाही."

भाऊबीज जवळ आली आहे. येत असशील तर ये. कपाळाचे टाके निघालेत, वण राहिला आहे, तो बघून नजर चोरू नकोस. सुखीबाईलाही आण, ती आली नाही तर ओढून आण. ओवाळीन.

पण यवतमाळची एसटी धरायच्या आधी उकंडाच्या घराकडे जा. गावातून, दिवसाढवळ्या, आखरावरून जा, जिथे तोरण बांधता तिथून. पंचफुलाच्या दारात उभा राहा. पोरगी बाहेर येईल तेव्हा तिला कागद मागू नकोस, त्या पार्सलाचा आता कागद उरलेला नाही. तिच्या नव्या वहीत, नव्या मोबाईलवर, हातावर, कुठे म्हणेल तिथे सही कर. पोळ्याच्या दिवशी ती तेवढंच मागत होती.

आशीर्वाद. मोठी आहे मी, देणं भाग आहे.

बेबी